थेंबातला जमाखर्च



माझ्या कॉलेजातल्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिलो की मला त्यांची काचेची बरणी आठवते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका दुष्काळी गावात होते आणि त्या गावाला प्यायच्या पाण्याची एकच पायविहीर होती. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहत आणि हंडे भरत. त्यांच्यातल्या एकीच्या पायावर फोड फुटला होता आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी बाहेर आले होते. काडीला गुंडाळून ती ते रोज बोटभर ओढून काढत होती. तो नारू. आज तिशीच्या आत असलेल्या मंडळींनी हा शब्द फक्त ऐकलेला असणार, आणि हे फार मोठे सुख आहे. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

सरांनी त्या विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, फडके बरणीत झटकले आणि बरणी उन्हाकडे धरली. पाण्यात पांढरे ठिपके झटके देत उड्या मारत होते. 'हा नारूचा घोडा,' सर म्हणाले. नारूच्या अळ्या या ठिपक्याच्या पोटात वाढतात, माणूस पाण्याबरोबर ठिपका गिळतो आणि नारू माणसात शिरतो. हे कोडे १८७० च्या सुमारास अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गवैज्ञानिकाने मध्य आशियात सोडवले होते. पाणी गाळून प्या, एवढा साधा उपाय गावोगाव सांगता आला तो त्यामुळेच.

त्या ठिपक्याचे नाव सायक्लॉप्स. कोळंबी, खेकडा, जवळा यांचा हा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊबंद, कवचधारी वर्गातला. लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. कपाळाच्या मधोमध एकच डोळा, म्हणून ग्रीक कथांतल्या एकाक्ष राक्षसाचे नाव त्याला मिळाले. मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात, जणू गाढवावर टाकलेली गोणी. सरांनी तो आम्हाला शत्रू म्हणून दाखवला आणि त्या दिवशी ते बरोबरच होते. पुढे माझे सगळे आयुष्य त्याच्याच आसपास गेले, पण वेगळ्या कारणाने. ते कारण आज सांगायचे आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा आहे आणि त्यावर चार अक्षरांत मजकूर लिहिलेला आहे, हे आता पाचवीतल्या मुलालाही माहीत असते. अक्षरे जोडीने बसतात. मी 'अक्षर' म्हणेन तेव्हा अशी एक जोडी समजा. हा सगळा मजकूर मिळून जीनोम होतो. माणसाचा जीनोम सुमारे ३ अब्ज अक्षरांचा. पेशीत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींचा धागा उलगडून सरळ केला तर दोन मीटर भरतो.

आता सायक्लॉप्सचा एक सख्खा नातेवाईक घ्या. त्याचे नाव मेसोसायक्लॉप्स एडॅक्स, राहणार उत्तर अमेरिकेतली तळी. त्याच्या बीजपेशींच्या वंशातला जीनोम सुमारे १५ अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या पाचपट. दोन प्रतींचा धागा दहा मीटर भरतो. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरचे असते. म्हणजे नऊवारीहून लांब धागा, आणि तो अशा प्राण्याच्या एका पेशीत जो स्वतः तांदळाच्या कणीपेक्षा लहान आहे.

आणि त्याच तळ्यातल्या त्याच थेंबात त्याच्या शेजारी पोहते डॅफ्निया, म्हणजे जलपिसू. मत्स्यालय ठेवणारे लोक तिला ओळखतात, कारण माशांच्या पिल्लांना ती खाऊ घालतात. डॅफ्निया पुलेक्स या जातीचा जीनोम आहे सुमारे २० कोटी अक्षरांचा. दोन्ही प्रतींचा धागा वीतभरही होत नाही. पाणी एक, आकारही जवळपास सारखाच. तरी एकीकडे वीतभर आणि दुसरीकडे नऊवारी. हे का?

हा प्रश्न कवचधाऱ्यांपुरता नाही. १९५१ साली अमेरिकेत आल्फ्रेड मर्स्की आणि हान्स रिस यांनी अनेक प्राण्यांच्या पेशींतला डीएनए मोजला, तेव्हा अ‍ॅम्फियुमा नावाच्या पाणसरड्याच्या पेशीत तो कोंबडीच्या पेशीच्या सुमारे सत्तरपट निघाला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की प्राणी जितका गुंतागुंतीचा तितकी त्याची पोथी जाड. ती समजूत त्या आकड्यांनी मोडली. १९७१ मध्ये सी. ए. थॉमस यांनी या विसंगतीला नाव दिले, सी-मूल्याचा विरोधाभास. बाजारातला कांदा घ्या. त्याच्या जीनोममध्ये सुमारे १६ अब्ज अक्षरे आहेत, म्हणजे तो चिरणाऱ्या हाताच्या पाचपट. २०२४ मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका लहानशा नेच्यात १६० अब्ज अक्षरे मोजली गेली. त्या नेच्याला मेंदू नाही, हृदय नाही, फूलसुद्धा नाही.

मोजली म्हणजे कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. आकडा ऐकणाऱ्याला तो कुठून आला हे माहीत असले पाहिजे.

रॉबर्ट फॉयल्गेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये एक रंगक्रिया प्रसिद्ध केली. काचपट्टीवर सायक्लॉप्स हळूच दाबून त्याच्या पेशी पसरायच्या. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब पसरायचा. पट्टी आधी मोजून इतकी मिनिटे हायड्रोक्लोरिक आम्लात. यात घाई केली तर रंग चढत नाही आणि विसरलात तर डीएनएच विरघळून जातो. मग शिफच्या द्रावणात. हे द्रावण पाण्यासारखे रंगहीन असते आणि बाटली उघडताच गंधकाचा उग्र वास नाकात जातो. अंधारात तासभर ठेवून पट्टी बाहेर काढली की पेशींमधली फक्त केंद्रके रंगलेली दिसतात, कोकमाच्या आगळासारखी गर्द जांभळट गुलाबी. बाकी पेशी कोरी. या क्रियेचा खरा गुण असा की रंगाचा गडदपणा डीएनएच्या प्रमाणात असतो. कोंबडीच्या लाल पेशीत सुमारे अडीच पिकोग्रॅम डीएनए असतो, हे माहीत आहे. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटींवा भाग, आणि त्यात जवळपास ९८ कोटी अक्षरे मावतात. कोंबडीचा रंग माप धरायचा आणि सायक्लॉप्सचा रंग प्रकाशमापकाने त्याच्याशी ताडून पाहायचा. सोनाराच्या तराजूत एका पारड्यात गुंज ठेवतात तशी इथे कोंबडीची रक्तपेशी. आता लेझरचा प्रकाश टाकून मिनिटाला हजारो केंद्रके मोजणारी यंत्रे आहेत, पण ज्याने ही पट्टी स्वतः रंगवली आहे त्याला त्या आकड्यांचा विश्वास वेगळाच वाटतो.

आधी जलपिसूकडे जाऊ. २०११ च्या फेब्रुवारीत तिचा जीनोम प्रसिद्ध झाला. कवचधारी वर्गातला वाचून काढलेला हा पहिला जीनोम. त्यात किमान ३०,९०७ जनुके आहेत असे त्या निबंधात म्हटले होते आणि माणसापेक्षा जास्त जनुके असलेला चिमुकला जीव म्हणून ही बातमी जगभर छापून आली. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, अधिक काटेकोर वाचन झाले तेव्हा आकडा आला १८,४४०. म्हणजे माणसाच्या सुमारे वीस हजारांहून थोडा कमीच. विज्ञानात असे होते आणि त्यात लाज काही नाही. दुरुस्ती मात्र बातमीइतकी दूर पोहोचत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

तर माणसाच्या जवळपास जाणारी जनुके, आणि पोथी मात्र पंधरापट बारीक. जलपिसूच्या पोथीत जनुके दाटीवाटीने बसलेली आहेत, समासही अरुंद. तिचे जगणे पाहिले की हे समजते. ऊबदार पाण्यात ती आठ-दहा दिवसांत वयात येते आणि मग दर तीन-चार दिवसांनी पिल्ले सोडते. नराची गरज बहुतेक वेळा लागत नाही. पाणी आटायला लागले किंवा थंडी आली की मगच नर जन्मतात आणि टणक कवचातली टिकाऊ अंडी पडतात. जिथे एवढी घाई आहे तिथे पेशी भराभर विभागली पाहिजे, आणि प्रत्येक विभाजनाआधी सगळी पोथी नव्याने उतरून काढावी लागते. जाड पोथी उतरायला वेळ लागतो. शिवाय डीएनए जास्त तितके केंद्रक मोठे, केंद्रक मोठे तितकी पेशी मोठी, आणि मोठी पेशी सावकाश विभागते. हा नियम वनस्पतींपासून बेडकांपर्यंत पुन्हा पुन्हा पडताळला गेला आहे.

पण जलपिसूच्या शरीरात एक गंमत आहे, आणि माझे सगळे व्याख्यान खरे तर या गमतीवर उभे आहे. तिच्या काही कामकरी पेशी, विशेषतः तोंडाजवळच्या ग्रंथींतल्या, न विभागताच आपल्या जीनोमच्या प्रती काढत राहतात. दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे करत एकेका केंद्रकात शेकडो प्रती साठतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुढे देण्याची पोथी बारीक ठेवायची आणि शरीराला जिथे जाड हवी तिथे तेवढ्यापुरती वाढवून घ्यायची. घरात धान्याची एकच पायली ठेवावी आणि लग्नाच्या दिवशी शेजारून मागून आणावी, तसे.

सायक्लॉप्स याच्या नेमके उलट करतो.

अंड्यांच्या पिशवीतले एक अंडे फलित झाले. एकाच्या दोन पेशी झाल्या, दोनाच्या चार. प्रत्येकीत पूर्ण नऊवारी. आता जातीनुसार चौथ्या ते सातव्या विभाजनाच्या दरम्यान एक दिवस येतो. गुणसूत्रे नेहमीप्रमाणे मधल्या रेषेवर येतात, मग दोन टोकांकडे ओढली जातात. आणि ओढली जाताना त्यांचे मोठमोठे तुकडे मागेच राहतात, मधल्या रेषेवर. फॉयल्गेनच्या रंगाने पाहिले तर दोन्ही टोकांना नव्या केंद्रकांचे छोटे गोळे दिसतात आणि मधे त्याच गर्द रंगाचे थेंब विखुरलेले. कारखान्याच्या फरशीवर कापडाच्या चिंध्या पडाव्यात तसे. थोड्या वेळात हे थेंब पेशीद्रवात विरघळून जातात. केंद्रकात उरतो तो छाटलेला, सुटसुटीत जीनोम. गुणसूत्रांच्या तुटलेल्या टोकांचे सांधे जुळलेले असतात आणि त्या लहान गुणसूत्रांनिशी पेशी पुढे विभागत राहतात. त्यांच्यातून आतडे होते, स्नायू होतात, तो एकुलता डोळा होतो.

एक पेशी मात्र या छाटणीतून वगळली जाते. तिला कात्री लागत नाही. तिच्यापासून पुढे अंडी किंवा शुक्रपेशी होणार असतात. नऊवारी तिच्या हाती तशीच घडी घालून ठेवलेली असते.

मेसोसायक्लॉप्स एडॅक्समध्ये १५ अब्ज अक्षरांपैकी १२ अब्ज टाकून दिली जातात आणि ३ अब्ज उरतात. म्हणजे सायक्लॉप्सचे शरीर चालते जवळपास तेवढ्याच लांबीच्या मजकुरावर, जेवढ्यावर तुमचे-आमचे चालते. बैकल सरोवराच्या पाण्यातही राहणाऱ्या सायक्लॉप्स कोलेन्सिस या जातीत तर ९४ टक्के डीएनए फेकून दिला जातो. शंभरातले चौऱ्याण्णव. उरलेल्या सहांत सगळा प्राणी बसतो.

याचा इतिहास विलक्षण आहे. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात आउगुस्ट वाइझमान नावाचे प्राध्यापक होते. डोळ्यांच्या विकाराने त्यांना सूक्ष्मदर्शक पुन्हा पुन्हा सोडावा लागला. दृष्टी साथ देत होती त्या वर्षांत, १८७० च्या दशकात, त्यांनी अभ्यास केला तो याच जलपिसवांचा. पुढे डोळे थकले आणि ते विचाराकडे वळले. शरीर नश्वर असते, वारसा चालतो तो बीजपेशींच्या अखंड धाग्यातून, आणि शरीराने आयुष्यात कमावलेले त्या धाग्यावर लिहिले जात नाही, हा त्यांचा सिद्धांत. १८८७ मध्ये थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यात पाहिले की शरीर घडवणाऱ्या पेशी गुणसूत्रांचे तुकडे टाकून देतात आणि बीजपेशीचा वंश ती अखंड ठेवतो. वाइझमान जे तर्काने सांगत होते ते बोव्हेरींना काचेखाली दिसले. सायक्लॉप्समध्ये हीच घटना नेमकेपणाने दाखवली ती सिग्रिड बेअरमान यांनी १९५९ मध्ये. टाकून दिलेला डीएनए कित्येकदा वलयांच्या रूपात सुटतो, हेही त्यांच्याच पुढच्या कामातून कळले. त्यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते, असे मला नेहमी वाटते.

मग फेकले जाते ते काय? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेसोसायक्लॉप्सच्या दोन्ही जीनोमचे वाचन करून ताडून पाहिले. फेकलेला बहुतेक भाग होता त्याच त्या मजकुराच्या असंख्य पुनरावृत्ती, आणि त्यांतल्या बहुतांशाचे मूळ उड्या मारणाऱ्या जनुकांत. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या कणसावरचे रंगीत दाणे पाहून ओळखलेले आणि १९८३ मध्ये ज्यांच्यासाठी त्यांना नोबेल मिळाले, तेच हे घटक. एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी बसतात, किंवा आपली प्रत काढून ती दुसरीकडे चिकटवतात. जीवाचे काही काम करण्याची त्यांना गरज नाही, स्वतःच्या प्रती वाढवणे एवढे केले की ते टिकतात. १९८० मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंधांनी हा विचार मांडला, एक ऑर्गेल आणि क्रिक यांचा, दुसरा डूलिटल आणि सॅपिएन्झा यांचा. स्वार्थी डीएनए हा शब्द तिथून रूढ झाला. सायक्लॉप्समध्ये आढळले ते असे की या उड्या मारणाऱ्या घटकांपैकी नव्यानेच वाढलेले घटक जास्त प्रमाणात छाटले जातात. म्हणजे ही अंदाधुंद काटछाट नाही.

आता माझे मत. जीनोमच्या आकाराकडे आपण इतकी वर्षे प्रतिष्ठेच्या नजरेने पाहत आलो. जाड पोथी म्हणजे मोठा पंडित. त्याकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहिले पाहिजे. डीएनएची भर सतत पडते, कारण उड्या मारणारे घटक थांबत नाहीत. ती जमा. ती वागवण्याचा भुर्दंड कोणाला आणि किती, हा खर्च. आकार ठरतो या दोहोंच्या मेळाने.

खर्च कशात पडतो? वेळात पडतो, हे जलपिसूत पाहिले. दुसरा खर्च फॉस्फरसचा. डीएनएच्या कण्यात प्रत्येक अक्षरामागे फॉस्फरसचे दोन अणू असतात. शेतकरी डीएपीची गोणी विकत घेतो ती फॉस्फरससाठी, आणि तळ्यातल्या पाण्यात तो बहुधा सर्वांत टंचाईचा पदार्थ असतो. झपाट्याने वाढणाऱ्या प्राण्याला प्रथिने बनवण्यासाठी आरएनए भरपूर लागतो आणि आरएनएलाही फॉस्फरसच लागतो. नॉर्वेतले डाग हेसेन आणि त्यांचे सहकारी असे मांडतात की भरभर वाढणाऱ्या जीवात निवड डीएनए कमी ठेवण्याकडे झुकते, म्हणजे वाचलेला फॉस्फरस आरएनएच्या कामी येतो. जलपिसू घाईची आणि बारीक पोथीची, तिच्या तुलनेत सायक्लॉप्सचे भाऊबंद सावकाश वाढणारे आणि जाड पोथीचे. हे चित्र या मांडणीशी जुळते.

पण खर्च नुसता असून भागत नाही, तो निवडीच्या नजरेला यावा लागतो. मायकेल लिंच हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गेली वीसेक वर्षे यावरच भर देत आले आहेत. दिवसाला लाखो व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला एका व्यवहारातली पैशाची तूट वर्षाअखेरीस स्पष्ट दिसते. दिवसाला दहा गिऱ्हाइके येणाऱ्या टपरीवाल्याला ती दिसत नाही, कारण रोजच्या चढउतारात ती बुडून जाते. जीवांचेही तसेच. संख्या प्रचंड असली तर जीनोममधली बारीकशी अनावश्यक भरसुद्धा निवड झाडून काढते. संख्या लहान असली तर नशीबच राज्य करते आणि कचरा साठत जातो.

याचा सर्वांत सुंदर पुरावाही गोड्या पाण्यातल्या कवचधाऱ्यांनीच दिला आहे. युरोपातल्या नद्या-झऱ्यांत अ‍ॅसेलिड नावाचे चपटे, पाणकिड्यासारखे प्राणी राहतात. घरात ओलीत सापडणारा, स्पर्श केला की गोल होणारा किडा असतो ना, त्यांच्या गोतातले. यांच्यातल्या काही जाती वेळोवेळी जमिनीखालच्या भूजलात उतरल्या आणि तिथेच राहिल्या. तिथे अंधार, अन्न अत्यल्प, म्हणून संख्याही तुरळक. फ्रेंच संशोधकांनी २०१७ मध्ये ११ स्वतंत्र स्थलांतरे घेऊन त्यांतल्या २२ जाती तपासल्या, प्रत्येक वेळी एक वरची आणि एक खालची. खाली गेलेल्यांच्या जनुकांत निवडीची पकड ढिली झाल्याच्या खुणा मिळाल्या आणि त्यांचे जीनोम सरासरी २५ टक्के मोठे निघाले. शरीराचा आकार किंवा वाढीचा वेग यांच्याशी या फुगवट्याचा संबंध लागला नाही. त्या अंधारात जास्त डीएनएचा फायदा झाला म्हणून तो वाढला नाही. झाडू हातात असून कचरा दिसेना, म्हणून वाढला.

सोळाशे मीटरहून जास्त खोल असलेल्या बैकल सरोवरात अ‍ॅम्फिपॉड गटाचे कवचधारी शेकडो जातींनी नांदतात. त्यांच्यात खोल राहणाऱ्या आणि मोठ्या देहाच्या जातींत डीएनए जास्त, असे दिसले आहे. कॅनडाच्या हडसन उपसागराकाठी, चर्चिलच्या टुंड्रातल्या डबक्यांत, काही जलपिसवा दोनऐवजी तीन-चार प्रती घेऊन फिरतात. ते सगळे सांगत बसलो तर रात्र होईल.

मला परत सायक्लॉप्सकडे जायचे आहे, कारण त्याच्यापुढे वरचा हिशेब अडखळतो. त्याची संख्या काही तुरळक नाही, एकेका तळ्यात तो कोट्यवधींनी असतो. मग निवडीने त्याची पोथी बारीक का ठेवली नाही? मला वाटते, छाटणीमुळेच. शरीराच्या पेशी लवकरच भार उतरवून मोकळ्या होतात, त्यामुळे भराभर विभागण्याच्या, फॉस्फरस वाचवण्याच्या बाबतीत तो भार शरीराला जाचत नाही. जाचत नाही म्हणून निवडीला दिसत नाही. दिसत नाही म्हणून बीजपेशींच्या वंशात तो बिनबोभाट वाढत जातो, ७५ अब्ज अक्षरांपर्यंत गेलेल्या जाती सापडल्या आहेत. ग्रेस विंगार्ड आणि एलेन रॅश या दोघी अमेरिकन संशोधिकांनी वर्षानुवर्षे खपून या गटातल्या अनेक जाती मोजल्या. छाटणी करणाऱ्यांचे बीजपेशींतले जीनोम अवाढव्य, पण शरीरपेशींतले जीनोम न छाटणाऱ्या नातेवाइकांसारखेच लहान. शरीराला परवडणारी मर्यादा सगळ्यांची सारखी आहे. जलपिसू त्या मर्यादेच्या खालून वर येते, सायक्लॉप्स वरून खाली.

आणि मग फुगवटा आधी की छाटणी आधी? एका पक्षाचे म्हणणे, पोथी फुगली म्हणून कात्री आली. दुसऱ्याचे, कात्री आली म्हणून पोथीला फुगायची मुभा मिळाली. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण हे कल पाहून ठरायचे नाही, जाती मोजून ठरेल. ज्या प्रजातीतल्या काही जाती छाटतात आणि काही छाटत नाहीत, अशा शेजारणी शोधून, त्यांचे वंशवृक्ष मांडून, फांदी-फांदीवर आधी काय आले ते पाहावे लागेल.

मेसोसायक्लॉप्स ही प्रजाती आपल्याकडच्या विहिरी-तळ्यांतही आहे. सड्यांवर, कासच्या पठारासारख्या कातळावर, पावसाळ्यात जी डबकी साचतात त्यांत जलपिसवा असतात, त्यांच्या नात्यातले परीझिंगेही उलटे पोहत असतात, आणि दिवाळीपर्यंत सगळे आटून अंडी मातीत झोपी जातात. या कामाला मोठे यंत्र लागत नाही. जीवशास्त्राचा विभाग असलेल्या कोणत्याही कॉलेजात आम्ल, शिफचे द्रावण आणि सूक्ष्मदर्शक असतो, आणि कोंबडीच्या रक्ताचा थेंब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. आलेल्या प्राध्यापक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनपासून आपापल्या तालुक्यातल्या दहा-दहा पाणवठ्यांवरून सायक्लॉप्स गोळा करा, जात ओळखून घ्या, अंड्यांच्या पिशव्या असलेल्या माद्या वेगळ्या ठेवा आणि त्यांची अंडी दर तासाने रंगवून पाहा. मधल्या रेषेवर गर्द थेंब दिसले की कळवा.

पुढच्या रांगेतल्या शाळकरी मित्रांसाठी मी बरणी आणली आहे. काल संध्याकाळी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीतले पाणी दुहेरी फडक्यातून गाळले. सभागृहाच्या मागच्या टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. डावीकडच्यात जलपिसू आहे, तिचे हृदय पाठीशी धडधडताना आरपार दिसेल. उजवीकडच्यात सायक्लॉप्सची मादी आहे, दोन्ही पिशव्या भरलेल्या. रांगेने या, लहान मुलांना पुढे जाऊ द्या, आणि भिंग फिरवताना काचेला टेकू देऊ नका, दोघी जिवंत आहेत.